कमानीखालचे गाव

गेल्या चैत्रात आमच्या गावच्या यात्रेला नवी कमान उभी राहिली. कमान सिमेंटची, पण वरून दगडाचा रंग दिलेला. तिच्या दोन्ही खांबांवर देणगीदारांची नावे लिहायची होती, आणि गावात माझे अक्षर बरे म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी शाळेत चित्रकला शिकवतो. दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक, याच्या पुढे माझी मजल गेली नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्या फारशा कुणी वाचल्या नाहीत; परंतु माझ्या पाट्या मात्र सारा गाव वाचतो. तीन दिवस शिडीवर उभा राहून मी एकसष्ट नावे लिहिली. प्रत्येक नावापुढे रक्कम आणि रकमेपुढे मुक्काम: कोइमतूर, त्रिशूर, कोलकाता, लुधियाना, विजयवाडा. एकसष्टच्या एकसष्ट माणसे आमच्याच गावची, आणि एकाही नावापुढे आमच्या गावाचे नाव नव्हते.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला खाली उतरलो, तर आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल शिडीपाशी उभा. दुपारी वायरमन येऊन वीज तोडून गेला होता. बिल थकले होते तीन हजार आठशे रुपयांचे. त्या वाचनालयाचा अकरा वर्षे चिटणीस मीच आहे, तेव्हा बातमी मलाच सांगणे त्याला भाग होते. मी वर पाहिले. खांबावर सर्वांत शेवटी, सर्वांत लहान अक्षरांत लिहिलेली देणगी पाच हजारांची होती.

त्या संध्याकाळपासून मी गावात भांडतो आहे. तेच भांडण आज वाचकांसमोर मांडतो. कारण आमचे गाव एकटे नाही, आणि वाचकांपैकी पुष्कळांची नावे कुठल्या ना कुठल्या कमानीवर असतील.

प्रथम आमच्या मुलखाची हकीकत सांगितली पाहिजे. माणदेशाच्या कडेचा, खानापूर-आटपाडीकडचा हा माळ. पाऊस इथे पाहुण्यासारखा येतो. पिकत नव्हते म्हणून इथली माणसे बाहेर पडली, आणि त्यांनी एक विलक्षण धंदा धरला: सोने-चांदी गाळण्याचा. सराफकट्ट्यावर जुने दागिने येतात, ते मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून हिणकस वेगळे काढायचे आणि शुद्ध सोने मालकाच्या हाती द्यायचे. याला गलाई म्हणतात. हिंदुस्थानातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सराफ पेठेच्या पाठीमागच्या बोळात आमच्याकडच्या माणसाची भट्टी सापडेल. बारा-चौदा वर्षांचे पोर मामाबरोबर किंवा चुलत्याबरोबर जायचे, तेजाबाच्या धुरात खोकत उभे राहायचे आणि वीस वर्षांनी स्वतःचे दुकान थाटायचे. या मंडळींच्या कष्टाविषयी मला अपार आदर आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुले याच वाटेने गेली.

पैसा आला, यात शंका नाही. गावात दुमजली बंगले उठले. त्यांना संगमरवरी पायऱ्या आहेत, नक्षीची लोखंडी दारे आहेत आणि त्या दारांना वर्षातले साडेअकरा महिने कुलपे आहेत. यात्रेच्या आठवड्यात कुलपे निघतात, गाव दिव्यांनी झगमगते, मैदानात लाखाची कुस्ती होते. नवव्या दिवशी गाड्या निघून जातात आणि मागे राहतात म्हातारी माणसे, कुत्री, आणि आमच्यासारखे ज्यांना कुठे जाता आले नाही असे लोक. टेंभूचे पाणी आता काही शिवारांत आले आहे, डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या आहेत, तेव्हा गाव ओसाड पडले असे मी म्हणणार नाही. पण शिवार हिरवे होणे आणि गाव जिवंत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' याच मुलखातली. तिच्यातला मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो, तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ येऊन सगळी वाडीच उठून जाते. १९५५ साली ते पुस्तक आले तेव्हा ती दुष्काळाची गोष्ट होती. आज गाव उठायला दुष्काळ लागत नाही, बरकतही पुरते.

तेव्हा आमच्या लोकांना दानत नाही, असे कुणी म्हणू नये. दानत उदंड आहे. शिखराला सोन्याचा मुलामा आहे, सभामंडप आहे, महाप्रसादाची तीन-तीन वर्षांची पाळी आगाऊ ठरलेली आहे. देवाला दिलेल्या दानाविरुद्ध मला एक अक्षर काढायचे नाही. माझी आई त्याच मंडपात हरिपाठ म्हणत म्हातारी झाली. माझी तक्रार निराळी आहे. आमच्याकडे जे दिले जाते ते एकदाच दिले जाते आणि दिसेल असेच दिले जाते. इमारतीला दाता मिळतो, पण त्या इमारतीत रोज झाडू मारणाऱ्या, दिवा लावणाऱ्या, पुस्तक काढून देणाऱ्या माणसाला दाता मिळत नाही. शाळेला वर्गखोली मिळते, वर्गखोलीला शिक्षक मिळत नाही. दवाखान्याला खाट मिळते, तिच्यावर नाव असते, आणि ती खाट जिन्याखाली पडून असते. कमानीला चौदा लाख लागले. हेच चौदा लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला एक्क्याण्णव हजार रुपये व्याज आले असते. ग्रंथपालाला महिना साडेसात हजार द्यायचे म्हटले तर वर्षाचे नव्वद हजार होतात. म्हणजे एका कमानीच्या किमतीत एका माणसाचे वेतन दरसाल निघाले असते आणि मुद्दलाला धक्का लागला नसता. हे गणित मी सातवीच्या मुलांना घातले. त्यांनी बरोबर सोडवले. यात्रा कमिटीला घातले, तेव्हा एकाने विचारले, "मास्तर, व्याजावर नाव कुठं लिहिनार?"

हसण्यासारखे आहे, पण मी हसत नाही; कारण यात माझाही एक अपराध आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या गावात एक वृद्ध गलाईवाले होते. त्यांना सारे नाना म्हणत. वयाच्या तेराव्या वर्षी ते केरळात गेले, त्याआधी एक वर्ष ते वाचनालयात रोज संध्याकाळी येऊन बसत. शाळा सुटलेली होती. त्या काळचे ग्रंथपाल त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावत आणि चुकले की पुन्हा वाचायला लावत. नाना म्हणत, त्या एका वर्षाने मला हिशेब वाचता आला, करार वाचता आला, मला कुणी फसवू शकले नाही. म्हातारपणी ते परतले ते कायमचेच. मुले तिकडेच राहिली. एक दिवस ते माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, पाच लाख द्यायचं हायती. देवाला दिलं, लेकींना दिलं. आता ह्ये वाचनालयाला. पन इमारत नगं. तितं मानूस ठिवा, रोज दिवा लावनारा. आन् पैशाला हात लावायचा न्हाई, व्याजावर चालवा. सांगा, देऊ कुणाला?"

वाचकहो, इतका शहाणा प्रश्न माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी विचारला नव्हता, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वाचनालयाची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली झालेली आहे. त्या नोंदणीत जे पाच विश्वस्त होते त्यांतले तीन वारले, एक मुलाकडे परदेशी गेला, पाचव्यांना आता माणसे ओळखू येत नाहीत. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज करावा लागतो. तो मी केला नव्हता. एक वर्ष नव्हे, अकरा वर्षे. आज करू, दिवाळीच्या सुट्टीत करू, उन्हाळ्यात करू, असे करीत राहिलो. मधल्या काळात एक कादंबरी मात्र लिहून झाली. परिणामी आमचे वाचनालय कागदोपत्री बहुतांशी स्वर्गवासी मंडळींच्या हाती होते, आणि बँक स्वर्गवासी मंडळींच्या सहीने ठेव घेत नाही. हे सगळे नानांना सांगण्याची मला लाज वाटली. मी म्हणालो, "नाना, तूर्त देवस्थानच्या खात्यात ठेवा, पुढचं पुढं बघू." ते काही बोलले नाहीत. काठी टेकीत उठले. पुढच्याच थंडीत ते गेले. मुलांनी तेराव्याला सारा गाव जेवू घातला, आणि वडिलांच्या स्मरणार्थ फाट्यावर एक प्रवासी निवारा बांधला. निवारा सुंदर आहे. एसटीचा थांबा त्याआधीच दोनशे पावले पुढे गेला होता, एवढेच.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. नानांना दुसरे कोणते दार होते? ग्रामपंचायतीला द्यावे, तर पाच वर्षांनी पार्टी बदलते आणि आधीच्या पार्टीने केलेले काम पुढच्या पार्टीला खुपते. देवस्थानला द्यावे, तर त्यांचा उद्देश देवाचा, वाचनालयाचा नाही. शिक्षणसंस्थेला द्यावे, तर ती संस्था आता बहुधा एखाद्या घराण्याची असते. साखर कारखान्यांनी शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून टनामागे कपात करून शाळा-महाविद्यालये उभारली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकाराचा पाया घातला तेव्हा त्या कपातीमागे थोर कल्पना होती, आणि तिने खेड्यातल्या लाखो पोरांना शिकवले हे मी नाकारीत नाही. पण ज्याच्या बिलातून पैसे गेले त्याला पुढे त्या संस्थेत फीची पावती मिळाली, मत मिळाले नाही. राहता राहिले पुण्या-मुंबईचे मोठे न्यास. त्यांना आमच्या गावाचे नाव नकाशात शोधावे लागते. सारांश, देणारा होता, घेण्याचे भांडे नव्हते. आणि मुले परगावी असलेल्या म्हाताऱ्याचा पैसा अशा वेळी कुठे जातो? वारसाने परगावी जातो. जमीन विकली जाते, बंगला विकला जातो, सातबाऱ्यावरचे नाव उतरते आणि त्याबरोबर एका पिढीची सगळी कमाई एका सहीने गावाबाहेर पडते. ती परत येत नाही.

हे दुखणे आमचेच नाही. अमेरिकेत नेब्रास्का नावाचे मक्याच्या शेतांचे राज्य आहे. तिथल्या लहान गावांतून पोरे शहरांत जातात, म्हातारे शेतीवर राहतात, आणि म्हातारा मेला की शेतीची किंमत शहरातल्या वारसाकडे जाते. तिथल्या काही शहाण्या माणसांनी १९९३ साली एक निधी संस्था काढली. तिच्या छत्राखाली एकेका गावाचा आपापला निधी असतो, तो कसा वापरायचा ते त्या गावची माणसे ठरवतात, आणि म्हाताऱ्यांना एकच गोष्ट विचारली जाते: वारशातले पंच्याण्णव भाग मुलांना द्या, पाच भाग गावाला ठेवाल का? मूळ कल्पना त्याहून जुनी. १९१४ साली क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकवाल्याने ती काढली. त्याने पाहिले की माणसे मृत्युपत्रात पैसा ज्या कामाला बांधून जातात ते काम कालांतराने संपते आणि पैसा मेलेल्या माणसाच्या मुठीत अडकून राहतो. म्हणून त्याने अनेकांचे पैसे एकत्र ठेवले आणि दर काळाची गरज पाहून व्याज कुठे लावायचे ते शहरातल्या जाणत्या लोकांच्या समितीवर सोपवले. मेलेल्याची मूठ! आमच्या वाचनालयाचे तीन विश्वस्त मला आठवले.

पण यासाठी अमेरिकेपर्यंत जायचे कारण नाही, आणि तिकडचे म्हणून ते चांगले असे मानणारा मी नव्हे. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तिथे शिकून गेलेल्या माणसांनी देशात ठिकठिकाणी काचकाम नेले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. भाऊरावांची एक गोष्ट आमच्या बाजूला अजून सांगतात. साताऱ्याच्या शाळेला सयाजीराव महाराजांचे नाव होते. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की नाव बदलायचे. भाऊराव म्हणाले म्हणे की, एक वेळ बापाचे नाव बदलीन, पण शाळेचे बदलणार नाही. गाडगे महाराजांनी लाखोंच्या धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःजवळ ठेवला तो खराटा आणि फुटके गाडगे. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती दिली. आणि या थोरांची नावेच कशाला? लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावांच्या मंडळांनी खोल्या घेतल्या होत्या, धोबीतलावाकडे गोव्यातल्या गावांची कूड नावाची घरे होती. बिऱ्हाड नसलेला गिरणीकामगार किंवा बोटीवरचा खलाशी तिथे वळकटी टाकायचा, महिन्याची वर्गणी द्यायचा, आणि त्याच वर्गणीतून गावाकडे शाळेवर कौले चढायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तशा त्या वर्गण्याही आटल्या. त्यांच्यापैकी कुणी कमान बांधली नाही. निदान मी तरी पाहिली नाही.

जुन्याचे गोडवे गाताना मात्र एक गोष्ट लपवता कामा नये. आपले जुने दान जातीच्या उंबऱ्याशी थांबत असे. धर्मशाळा अमक्या ज्ञातीची, वसतिगृह तमक्या ज्ञातीचे, विहीर सर्वांची पण सर्वांत कोण ते आधीच ठरलेले. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा 'सार्वजनिक' हा शब्द पाटीवर रंगवणे सोपे आहे, मी कितीदा तरी रंगवला आहे. गावाच्या निधीच्या पंचांत पेठेतले चौघे आणि वाड्यावस्त्यांतले कुणीच नाही असे असेल, तर तो गावाचा निधी नव्हे, तो पेठेचा निधी. आमच्या बैठकीत यावरून खडाजंगी झाली. एक गृहस्थ म्हणाले, ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांना पंचांत कशाला? मी विचारले, वाचनालयात रोज येऊन बसणारी पोरे कुठल्या वस्तीतली आहेत ते कधी पाहिले आहे का? बंगल्यातली पोरे कोइमतूरला आहेत.

आता नेहमीच्या हरकती. पहिली हरकत शिकलेले लोक घेतात: हे सगळे सरकारचे काम आहे, लोकांनी वर्गणी काढली की सरकार अंग काढून घेईल. या हरकतीत तथ्य आहे, म्हणूनच तिला घाईने उडवून लावता येत नाही. शाळेचा शिक्षक, दवाखान्याचा डॉक्टर, नळाचे पाणी हे सरकारनेच दिले पाहिजे, आणि पट कमी म्हणून शाळा बंद करायला निघालेल्या सरकारला आम्ही 'राहू द्या, आम्ही चालवतो' असे म्हटले तर आमच्यासारखे मूर्ख आम्हीच. पण सरकार जे देत नाही, किंवा देऊन पुरवत नाही, त्याचे काय? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने आमच्या वाचनालयाला अनुदान मिळते. ते हप्त्याने येते, उशिरा येते, आणि दोन हप्त्यांच्या मध्ये वीज तुटते. निधीने अनुदानाची जागा घ्यायची नाही. हप्ता येईपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही, आणि ग्रंथपालाला माणसासारखे वेतन द्यायचे. शिवाय ज्या गावाचा स्वतःचा पैसा आणि स्वतःचा हिशेब असतो त्या गावाचा अर्जही साहेब जरा सरळ बसून वाचतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी हरकत तरुण मंडळींची: कंपन्यांकडून घ्या की! २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला लावावे लागतात. खरे आहे. पण त्याच कायद्यात असेही आहे की कंपनीने आपल्या कामाच्या जवळपासच्या भागाला आधी प्राधान्य द्यावे. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या गावाला त्यातून काही मिळेल. आमच्या माळावर कारखाना नाही. आमचा कारखाना म्हणजे कोलकात्याच्या बोळातली एक मूस आणि एक भट्टी. तिच्या नफ्याचे दोन टक्के मागायला मी कुठल्या कलमाखाली जाऊ?

तिसरी हरकत सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी: ट्रस्ट म्हटला की भानगडी आल्या, पैसे खाल्ले जातील. जातील. खाण्याची इच्छा माणसाला नेहमीच असते, व्यवस्था तेवढी तिच्या आड उभी करता येते. माझ्या शेजारच्या गल्लीत बायकांचा बचत गट आहे. त्यातल्या तिघींना सही करता येते, बाकीच्या अंगठा करतात; पण दर महिन्याच्या बैठकीत हिशेब मोठ्याने वाचला जातो आणि दहा रुपयांची चूक झाली तरी पोळपाट-लाटणे आपटल्याचा आवाज माझ्या घरापर्यंत येतो. इतकी वर्षे त्यांचा एक पैसा बुडाला नाही. गावाच्या निधीला हेच लागेल: पंचांची मुदत तीन वर्षांची, लागोपाठ दुसऱ्यांदा नाही, पंचांत निम्म्या बायका, आणि शक्य तर या बचत गटातल्याच, आणि वर्षातून एकदा यात्रेच्या दिवशी, सगळे गलाईवाले गावात असताना, कुस्तीच्या आधी, ध्वनिक्षेपकावरून पैशा-पैशाचा हिशेब. कुस्तीच्या आधी असे मी मुद्दाम म्हणतो. नंतर कुणी थांबत नाही.

गणित अवघड नाही. आमच्या गावची दोनशे घरे बाहेर धंद्यात आहेत. एका घराने आयुष्यात एकदा पंचवीस हजार दिले, आणि लग्नाच्या एका दिवसाच्या मंडपाला आज त्याहून अधिक जातात, तर पन्नास लाख होतात. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला सव्वातीन लाख. त्यातले पंधरा टक्के मुद्दलात परत टाकायचे, म्हणजे महागाईने निधी एकदम वाळणार नाही. पुरता वाचणार नाहीच, म्हणून दर यात्रेला थोडी भर हवी. उरले पावणेतीन लाखांच्या थोडे वर. ग्रंथपालाचे नव्वद हजार, विजेचे अठरा हजार, वर्तमानपत्रे-मासिके वीस हजार. तरी दीड लाखाला थोडे कमी उरतात. त्यात तालुक्याला राहून शिकणाऱ्या चार-सहा पोरांची वसतिगृहाची फी निघेल. देणाऱ्याने मात्र देताना 'कायम निधीसाठी' असे लेखी द्यायचे. हा एक ओळीचा कागद फार महत्त्वाचा आहे. तो नसेल तर ती रक्कम त्या वर्षीची मिळकत समजली जाते, आणि पंच्याऐंशी टक्के मिळकत खर्च करा म्हणून आयकराचा नियम मागे लागतो. हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. नाना ओट्यावर बसले होते तेव्हा कळायला हवे होते.

श्रावणात आम्ही बदल अर्ज दाखल केला. मृत्यूचे दाखले गोळा करायला दोन महिने गेले. एका विश्वस्तांचा दाखला मिळेना, कारण ते वारले त्या गावाच्या दप्तरात त्यांचे आडनाव चुकलेले होते. नव्या नावांत सात जण आहेत, त्यांत चार बायका, आणि एक आमचा माजी विद्यार्थी, जो वाचनालयात बसून तलाठ्याची परीक्षा पास झाला. आजपर्यंत तेवीस घरांनी शब्द दिला आहे. विजेचे बिल माझ्या पाटीरंगाच्या पैशातून भरले आणि दिवा परत लागला.

परवा त्रिशूरहून एकाचा फोन आला. मोठा माणूस, कमानीवर त्याचे नाव दुसरे आहे. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, पाटी कुठं लावनार?" मी म्हणालो, पाटी नाही, एक जाड बांधणीची वही आहे, तीत सर्वांची नावे आडनावाच्या अनुक्रमाने, रक्कम न लिहिता, ती वाचनालयाच्या टेबलावर असेल, येईल त्याने उघडून पाहावी. तो म्हणाला, विचार करून सांगतो. त्याचे पैसे अजून आलेले नाहीत. नानांच्या थोरल्या मुलालाही मी पत्र टाकले आहे. वडिलांच्या पाच लाखांविषयी त्यात एक शब्द लिहिलेला नाही. फक्त बदल अर्जाच्या पोचेची प्रत जोडली आहे आणि अकरा वर्षे उशीर का झाला ते लिहिले आहे.